नळ दहाला येतो

गुरुजी,

मी इंग्रजी शिकवते. हे वाक्य तुमच्यासमोर उच्चारायचं धाडस मला तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाल्यावर आलं, यावरून तुमचा धाक किती टिकाऊ होता ते ध्यानात घ्या. इंग्रजी पोट भरण्यासाठी आणि संस्कृत पोट भरल्यावर, असं तुम्ही म्हणायचात. आणि हजेरीपुस्तकात सही मात्र इंग्रजीत करायचात, तीही शेवटी लांब शेपूट काढून. आम्ही ती सही पाटीवर गिरवून पाहत असू. शेपूट कुणालाच साधलं नाही. तरी घाबरू नका, माझी नोकरी अजून संस्कृतचीच आहे. आदिलाबादच्या एका कॉलेजात मी जे संस्कृत शिकवते ते मुलं तेलुगू लिपीत लिहितात, पैकीच्या पैकी गुण घेतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, गुण मिळतात म्हणून तर त्यांनी तो विषय घेतलेला असतो. इंग्रजी मी रविवारी शिकवते, बेल्याकडच्या एका गावात, सहा बायकांना. त्या रविवारांतून गेल्या आठवड्यात असं काही निघालं की मला एका जागी बसवत नाही. घरी माझं सगळं दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा यजमान चपला घालून भाजी आणायला निघून गेले. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला उठून जाता येत नाही.

सुरुवात पालकसभेत झाली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बेल्याच्या बसनं आली होती. सभा संपली, बाकीचे पांगले, ही मागं थांबली. "मॅडम, तुमी इंग्रजी बोलता का?" मी म्हटलं, थोडीफार बोलते, पण शिकवते संस्कृत. "मंग त तुमाले इंग्रजी सोपीच असंल. आमाले शिकवा." तिच्या तर्कात खोट काढायला मला जागा सापडली नाही, तुम्हालाही सापडली नसती. तिला मी या पत्रात थोरली म्हणेन, कारण तिला एक धाकटी जाऊ आहे, आणि ही सगळी खटपट त्या धाकटीसाठी होती.

त्यांच्या गावात नळ आहे. तो सकाळी दहाला येतो आणि तासाभरानं जातो. दहाला अख्खं गाव शेतात असतं, आणि सध्या तर कापसाची वेचणी, त्यामुळं म्हातारीकोतारीसुद्धा पऱ्हाटीत. मग पाणी आणायचं हापशीवरून, उजाडायच्या आत, रांग लावून. धाकटीला तेव्हा सहावा महिना होता. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, तेही असंच भरलेल्या घागरींखाली, असं थोरलीनं मला सभेच्या त्या रिकाम्या खोलीत खालच्या आवाजात सांगितलं. नळाची वेळ बदला, एवढीच त्यांची मागणी. त्यासाठी त्यांनी तीनदा दरखास्त दिली होती. कचेरीबाहेर झाडाखाली बसणारा लिहिणारा तेलुगूत आपलं ठरलेलं लिहून द्यायचा, गावात पाण्याची टंचाई आहे, कृपा व्हावी. मग कुणीतरी येऊन पाहून जायचं. टाकी आहे, मोटर आहे, नळाला रोज पाणी आहे. सगळं खरंच आहे, त्यामुळं कागद बंद. मोठे साहेब दर सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकतात; चौथ्या खेपेला बायका स्वतःच त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. साहेब नवे, तरुण, दूर दक्षिणेतून आलेले. मराठी नाही, हिंदी नाही, तेलुगू अजून शिकतायत. थोरली दहा मिनिटं बोलली. शेजारी उभ्या असलेल्या कारकुनानं ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं: वॉटर प्रॉब्लेम.

"मी एवढी बोलली मॅडम, अन् त्यानं दोन शब्दांत गुंडाळलं. बाकीचं माहं कुठी गेलं?"

मी म्हटलं, मी येते तुमच्यासोबत, मी सांगते साहेबांना. तिनं मान हलवली. "तुमी एक सोमवार येसान. मंग पुढं? आमचं आमालेच सांगाचं हाय."

तेव्हा मी बाजारातून नवशिक्यांसाठीचं इंग्रजीचं पुस्तक आणलं. पहिलाच धडा रोजच्या दिनक्रमाचा. मी मनात म्हटलं, वा, यांना हेच तर हवं आहे. शाळेच्या व्हरांड्यात फळा होता, त्यावर लिहून काढलं. आय गेट अप ॲट सिक्स. आय टेक अ शॉवर. आय हॅव ब्रेकफास्ट विथ माय फॅमिली. आय गो टू ऑफिस बाय कार. अर्थ सांगितला. बायकांनी तो माणूस नीट पारखून घेतला. एकीनं विचारलं, "हा ढोराले पानी कवा पाजते?" दुसरी म्हणाली, "याची बायको कवा उठते ते काऊन नाई लिवलं?" सगळ्या घरानं एका वेळी खायला बसायचं हे तर त्यांना इतकं नवलाचं वाटलं की पाच मिनिटं धडा थांबला. मग मी थोरलीला म्हटलं, चला, माझ्यामागं म्हणा, आय गेट अप ॲट सिक्स. ती म्हणाली, "मी सहाले उठत नाई, मॅडम." मी म्हटलं, अहो, हा नुसता सराव आहे. "सराव खोट्याचा कायले करू?"

गुरुजी, त्या क्षणी मला तुमचा वस्तरा आठवला. सकाळचे साडेसहा वाजलेत, तुमच्या ओसरीवर आम्ही सहाजण ओळीनं मांडी घालून बसलोय. खुंटीला अडकवलेल्या आरशापुढं उभे राहून तुम्ही दाढी करताय, अर्ध्या तोंडाला फेस, आणि आम्ही एकेक जण कालचा दिवस संस्कृतात सांगतोय. तुमची पाठ आमच्याकडं असते, पण आरशातून तुम्हाला कोण खालचा ओठ चावतोय तेही दिसतं. मावल्याच्या तळ्यात डुंबायला जाणारा एक मुलगा आमच्यात आहे. त्याला पाण्यासाठी गंगेशिवाय शब्द येत नाही, म्हणून तो रोज गंगेत स्नान करतो. आठ दिवस तुम्ही ऐकून घेता. नवव्या दिवशी वस्तरा खाली ठेवता आणि फेसासकट मागं वळता. "मावल्याला गंगा कधी आली रे? मला कळवलं नाहीस." आम्हाला हसू येतं, पण तुमच्या त्या अर्ध्या पांढऱ्या चेहऱ्यापुढं हसायची कुणाची छाती होत नाही. मग तुम्ही हळू म्हणता, "वाक्य चुकलं तर मी सुधारीन. दिवसच चुकीचा सांगितलास, तर मी काय सुधारणार?"

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, ज्याचा त्याचा खरा दिवस सांगा. आणि इथं दुसरी अडचण आली, जी तुमच्या ओसरीवर कधीच आली नव्हती. आम्ही पोरं स्वतःविषयी बोलायला टपलेलीच असायचो. इथं एकही बाई स्वतःचा दिवस सांगेना. धाकटीला उभं केलं तर ती पदर तोंडाला लावून पुन्हा बसली. मला वाटलं, लाजते. लाज नव्हती ती. "मोठ्या जावेपुढं मी एवढं करते, तेवढं करते, असं तोंडानं कसं सांगू? लोक म्हनतीन, कामाची दवंडी पिटून राह्यली." आपलं काम आपण सांगायचं नाही, दुसरीनं सांगायचं, ही त्यांची रीत. मी पुष्कळ समजावलं, थोडी चिडलेही. शेवटी थोरलीनंच तोड काढली. "मी तिचं सांगतो, थे माहं सांगन." आणि काय सांगू, गुरुजी, जी बाई स्वतःचा दिवस दोन शब्दांत सांगून मोकळी होई, ती जावेचा दिवस सांगायला लागली की थांबायची नाही. कुणी किती भाकरी थापल्या, कुणाची पाठ कोणत्या कुशीवर दुखते, कुणाला चहा शेवटी उरतो, सगळं एकमेकींना तोंडपाठ. शब्दांची टंचाई होती, माहितीची नव्हती. मी एकेक शब्द पुरवत गेले, आणि रविवारी संध्याकाळच्या बसनं परतताना खिडकीशी बसून एकटीच हसत यायची.

चुका होत्याच. क्रियापदाच्या शेवटचा स् कुणीच तोंडात ठेवला नाही. आकडेही नवे होते, थ्री आणि फोरमध्ये घोटाळा व्हायचा. थोरली धाकटीबद्दल म्हणाली, "शी गेट अप ॲट थ्री." मी फळ्यावर घड्याळ काढलं, काटा चारवर आणला, थ्री खोडून फोर लिहिलं. "तीन म्हणजे मध्यरात्रच की," मी हसत म्हटलं. धाकटीनं थोरलीकडं पाहिलं. थोरली म्हणाली, "फोर," आणि पुढच्या वाक्याकडं वळली. सहा रविवार आम्ही हेच घोटलं.

गेल्या सोमवारी सकाळी त्या सहाजणी बसस्टँडवर उतरल्या. धाकटीला सातवा संपत आला होता, उतरताना थोरलीनं तिचा दंड धरला होता. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती आणि कुणीही कुणाशी बोलत नव्हतं. मी कधी विद्यापीठाच्या परीक्षेला इतकी घाबरले नाही. कचेरीत तासभर बसलो. नंबर आला तेव्हा तोच कारकून हात पुढं करून हिंदीत म्हणाला, "कागज दो." थोरली म्हणाली, "कागद नाई आनला. बोलाचं हाय." आणि टेबलापुढं जाऊन, धाकटीला शेजारी उभी करून, साहेबांकडं सरळ पाहत म्हणाली, "गुड मॉर्निंग सर. दिस माय सिस्टर-इन-लॉ. शी गेट अप ॲट थ्री."

झालं, मी मनात म्हटलं, पहिल्याच वाक्यात आकडा चुकला. मी मागून कुजबुजले, "फोर."

ती वळली. भर कचेरीत, सगळ्यांदेखत, माझ्याकडं पाहून शांतपणे म्हणाली, "नो मॅडम. थ्री." आणि पुन्हा साहेबांकडं वळली.

ती बोलत गेली. "शी गो हॅन्डपंप. बिग लाइन. टू अवर शी स्टँड. शी कॅरी सिक्स घागर, सर." घागरीला शब्द मी दिला होता, तो तिनं टाकून दिला; डोक्यावर हात धरून दाखवला आणि साहेबांना घागर कळली. "शी कुक. शी गिव्ह वॉटर टू बुलक. एट ओ'क्लॉक शी गो फील्ड. टॅप कम ॲट टेन." साहेबांनी लिहिणं थांबवलं. "हू इज ॲट होम ॲट टेन?" हा प्रश्न आम्ही घोटलेला नव्हता. थोरली म्हणाली, "नोबडी, सर. ओन्ली डॉग." साहेब हसले. मग त्यांची नजर धाकटीवर गेली, आणि हसू राहिलं नाही. त्यांनी विचारलं, नळ किती वाजता यायला हवा, व्हॉट टाइम डू यू वॉन्ट.

आता खरी पंचाईत. काय करतो, कधी करतो, एवढंच आम्ही शिकलो होतो. काय हवं आहे हे सांगायचा धडा पुस्तकात पुढं होता, तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो. थोरली माझ्याकडं बघायला लागली. मी ओठ घट्ट मिटून उभी होते, का ते मलाही ठाऊक नाही. बोलले असते तर कुणी अडवलं नसतं. तेवढ्यात धाकटी, जी सहा रविवारांत स्वतःविषयी एक अक्षर बोलली नव्हती, ती म्हणाली, "सर, आय गेट अप ॲट सिक्स."

साहेब गोंधळले. आत्ता तर थ्री म्हणालात, असं म्हणाले. धाकटीनं पोटावर हात ठेवला आणि जपून, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखं म्हणाली, "टॅप सिक्स. आय गेट अप ॲट सिक्स."

कारकून मदतीला पुढं झाला. "सर, वॉटर प्रॉब्लेम..." साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. "नो," ते म्हणाले, "टायमिंग प्रॉब्लेम." आणि फोन उचलला.

बाहेर आल्यावर मी सगळ्यांना चहाला नेलं. बायका आता इतक्या बोलत होत्या की चहावाल्यानं दोनदा वळून पाहिलं. मी थोरलीला म्हटलं, अहो, चार ठरलं होतं ना आपलं, तीन कुठून काढलंत? ती बशीत चहा ओतत म्हणाली, "तीनलेच उठते थे, मॅडम. तीनले गेलं त पाचले नंबर लागते."

"मग इतके रविवार चार का म्हणत होतात?"

"तुमी फळ्यावर खोडलं ना. मले वाटलं, इंग्रजीत तीनले कोनी उठत नसंल."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मी म्हटलं, मला तेव्हाच सांगायचं. "तुमी मास्तरीन," ती म्हणाली. "मास्तरनीले कोन खोडून काढते?" मग आत का सांगितलंत, तिथं तर मीच मागं उभी होते. तिनं बशी खाली ठेवली. "तिथं खरं सांगाले गेलतो बाप्पा. तुमच्याजवळ त शिकाले येतो." मी आणखी एक चहा मागवला.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. हॅलो म्हटलं तर पलीकडून माणूस बोलेना. घागरीत पाणी पडल्याचा आवाज, आधी पोकळ, मग भरत आलेला. मग थोरली म्हणाली, "ऐकलं का, मॅडम? सहाले आला." मागं गलका, भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी कुणाला म्हणतंय की आधी माहं लाव वो. मी विचारलं, धाकटी कुठं आहे, तिला द्या. थोरलीचा आवाज एकदम खाली आला.

"निजून हाय. उठवू का?"

मी म्हटलं, नको, नको. आणि फोन ठेवून, गुरुजी, बावन्न वर्षांची, संस्कृतची पदव्युत्तर बाई स्वयंपाकघरात एकटीच दोन फेऱ्या मारून आले. नळ सहाला येतो, एवढी ती गोष्ट. पण तुम्ही आयुष्यभर शिकवलेल्या भाषेत इतकं चोख वाक्य मी आजवर रचलेलं नाही, आणि त्या धाकटीनं ते परक्या भाषेत रचलं. आता त्यांना हवं असण्याचा धडा शिकायचा आहे. थोरलीनं यादी आधीच तयार ठेवली आहे, पहिला नंबर कॉलेजच्या बसचा. साहेबांची मला थोडी काळजी वाटते.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुमचा नवा पत्ता कुणाजवळ नाही, आणि असता तरी तुम्ही ते तांबडी शाई लावून परत पाठवलं असतंत. टाकायचं नाही म्हणूनच एक गोष्ट लिहिता येते. तुमच्याकडं आले त्या पहिल्या हिवाळ्यात, माझी पाळी आली की मी म्हणायची, सकाळी मी रांधते. तुम्ही आरशातूनच सुधारलंत, "आई रांधते, असं म्हण." अकरा वर्षांची पोर रांधत असेल हे तुमच्या मनात आलं नाही, आणि त्याबद्दल तुम्हाला बोल लावायला माझं तोंड राहिलेलं नाही, तीनचे चार मीही केले. आम्ही त्या मोहल्ल्यात नवे होतो. आई अंथरुणाला होती, कुशीवरसुद्धा तिला आम्हीच वळवायचो, चूल माझ्याकडं होती. दुसऱ्या दिवशी मला सांगता आलं असतं. तुम्ही वस्तरा ठेवून ऐकून घेतलं असतंत, एवढं मी तुम्हाला ओळखते. पण तुम्ही सुधारलेलं ते वाक्य म्हणताना मला आई उठून चुलीपुढं बसलेली दिसायची, हाताला पीठ लागलेलं, भाकर थापताना. म्हणून मी वर्षभर तेच म्हटलं, आणि उच्चार स्वच्छ आहे म्हणून तुम्ही दिलेली शाबासकीही घेतली.